हिरोची पकड आणि माझी शपथ

गडब, ता. पेण
८ फेब्रुवारी १९९४

तीर्थस्वरूप मामांना जावई काळुरामचा दोन्ही गुडघे (एक धड, एक सुजका) टेकून नमस्कार.

तुमचा खोकला उतरला असेल. नसेल तर विडी बंद करा, हे मामींच्या वतीने लिहितो. वाल कसा आहे? आमच्या वालाला कीड लागलीय, पण ते राहू द्या. पोपट मेहुण्याने येऊन सांगितलंच असेल, की दाजी रविवारी कंपन्यांच्या कबड्डीच्या उपांत्य सामन्यात मैदानात दिसले. दिसलो. पण खेळलो नाय हो मामा! माझा गुडघा दुसऱ्यांदा गेला आणि भाताच्या लावणीत हौसाने एकटीने सगळा चिखल तुडवला, तेव्हा तुमच्या देव्हाऱ्यापुढे नारळावर हात ठेवून मी कबड्डी सोडली. तरी खेळलो (दोनदाच, तेही गावाचं मन राखायला), म्हणून ती दिवाळीपासून तुमच्याकडे येऊन बसलीय. पुन्हा खेळलात तर मी कायमची माहेरी, हे तिचं बोलणं मी विसरलेलो नाही. म्हणून खरा प्रकार कळवतो.

झालं असं, की मुंबईहून एक सिनेमा कंपनी आली. त्यांना मारामारीच्या प्रसंगासाठी खरा सामना आणि फुकटची पाच हजार माणसं हवी होती. हिरो मैदानातून पळणार, मागे सहा गुंड तलवारी घेऊन, असा देखावा. त्यासाठी मध्यंतराची पाच मिनिटं ठरली. दोन्ही संघांचे खेळाडू घामाघूम होऊन लिंबू चोखत बसलेले, तेव्हा त्यांतल्या एका संघाचे बनियन घालून नुसतं उभं राहायला सात जण हवे होते. आयोजक महिपतीशेठ म्हणाले, "काळुराम, तुझी शपथ खेळायची हाय, उभं राहायची नाय." मला कायदा पटला. (मोह वगैरे काही नाही. बनियन आधीच अंगात होता, ही गोष्ट वेगळी.)

हिरो आला की घाबरून बाजूला व्हा, असं डायरेक्टरने तीनदा समजावलं आणि आम्ही तीनदा माना डोलावल्या. आता मामा, तुम्ही स्वतः पंधरा वर्षं मैदान गाजवलंत, तुम्हीच सांगा. समोरून माणूस मध्यरेषा ओलांडून येतो, तोंडात कबड्डी नाही, दम नाही, आणि डावा पाय नेमका माझ्या कोपऱ्यात आणून ठेवतो. कोण बाजूला होईल? माझा हात मला न विचारता गेला. घोटा धरला, आणि उरलेले सहा जण हिरोवर पडले. मागच्या गुंडांत रोह्याचा सखा होता, तोही जुना खेळाडू. त्यानेही रबराची तलवार फेकली आणि ढिगावर उडी घेतली. पंच नाथाभाऊ कडेला चहा पीत होते. त्यांनी सवयीने शिट्टी फुंकून हिरोला बाद दिलं. फलकवाल्याने ज्यांचे बनियन आम्ही घातले होते त्यांना एक गुण चढवला. आणि सामना तोवर बरोबरीत! मग काय, समोरच्या संघाचा मॅनेजर धावत आला, मध्यंतरातला गुण कसला धरता म्हणून. नाथाभाऊ म्हणाले, शिट्टी झाली ती झाली. अर्धा तास नुसती तोंडातोंडी, आणि एवढा वेळ हिरो खालीच होता, कारण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. माणूस भला हो! बाहेर निघाल्यावर मागून फाटलेली पँट दोन्ही हातांनी धरून त्याने मला हिंदीत विचारलं, माझं चुकलं कुठे? मी सांगितलं, दम घातला नाहीत. सिनेमावाले त्याच संध्याकाळी सामान बांधून गेले.

तर याला खेळणं म्हणतात का, हे तुम्ही ठरवा आणि हौसाला तुमच्या तोंडाने सांगा. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञेतला (बहुतेक) जावई,
काळुराम

ता. क. गुडघा पुन्हा सुजलाय, हे हौसाला सांगू नका. सांगितलंत तरी चालेल.

आणखी एक ता. क. वर एक गोष्ट लिहिली नाही. मी हिरोला सोडणारच होतो. बोटं सैलसुद्धा केली होती, देवाशपथ. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला, "काळुराम, सोडू नको त्याला!" मामा, बारा वर्षांच्या संसारात हौसाने 'अवो' सोडून मला दुसरी हाक मारलेली नाही. परवा पाच हजार माणसांत नाव घेतलं, तेही एकेरी! तुम्हाला पेणला दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून निघाली होती ना? तिला रागावू नका. एवढंच विचारा, येतेस का घरी, की न्यायला येऊ? माझ्याच्याने एकट्याने राहवत नाही. येत्या रविवारी अंतिम सामना आहे. दोन जागा धरून ठेवल्यात, बसून बघायला. मी उठलो तर तिने मला आवरावं. ती उठली तर मात्र माझा इलाज नाही.