कण पोहोचतील काय

४ मार्च
हिच्या स्तनातल्या गाठीसाठी आज नव्या उपचाराची चौकशी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध अतिसूक्ष्म कणांत भरून शिरेतून सोडायचं. गाठीतल्या रक्तवाहिन्या झिरपतात, त्यामुळे कण तिथेच साचतात. बाकी शरीराला त्रास कमी."
मी विचारले, "सगळ्यांच्या झिरपतात, की फक्त प्रयोगातल्या उंदरांच्या?"
त्या कागद चाळू लागल्या. उंदराची गाठ पंधरवड्यात फोफावते. हिची वर्षानुवर्षे मुरलेली. एकीवरून दुसरीचे अनुमान कसे काढणार?
बाहेर येताच ही म्हणाली, "बिचारीला घाम फोडलात! औषध विचारायला गेलो होतो, तर्कशास्त्राची तोंडी परीक्षा घ्यायला नाही."

५ मार्च
आक्षेप रास्तच होता.

७ मार्च
फारच रास्त ठरला! "नकोच ते कण," ही सकाळी म्हणाली. "तुमचं पटलं मला."
उभ्या संसारात माझे प्रथमच पटले — आणि तेही नेमके आता! तेच औषध नेहमीच्या पद्धतीने देणे हिच्या हृदयाला झेपणार नाही. कण नाकारणे म्हणजे काहीच न घेणे. मी खंडन केले ते विधानाचे, उपायाचे नव्हे. हा भेद तिथल्या तिथे स्पष्ट करायला हवा होता.

८ मार्च
दिवसभर उलट बाजू मांडली. जे सिद्ध झालेले नाही ते असत्यच असते, असे नव्हे.
ही मोज्यांच्या जोड्या लावत होती. "अहो, त्या दिवशी एक, आज भलतंच. पक्ष बदललात की काय?"
म्हटले, "पक्ष बदलला. अशील तेच आहे."
हसली. पण हो म्हणाली नाही.

९ मार्च
डॉक्टरीणबाईंना फोन केला. हिचीच गाठ कण धरते की नाही, हे आधी पाहता येते काय?
"येतं की! आधी नुसतेच कण सोडतो, औषधाविना, खूण लावून. गाठ स्कॅनच्या चित्रात चमकली तर पुढे जायचं. शितावरून भाताची परीक्षा!"
शीत त्याच भातातले, हरकत नाही.
हिला सांगितले. हिने चष्मा काढून बाजूला ठेवला. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा. तर्क नको."
सांगितले. इथे लिहीत नाही.
मग म्हणाली, "बरं. घेते."

१४ मार्च
कण सोडले. हात धरून बसलो. "सुई मला टोचलीय, डोळे तुम्ही का मिटलेत?" म्हणाली.

१६ मार्च
गाठ लख्ख चमकली! — आणि पाठीचा एक मणकाही. तिथेही गाठ असेल, याची कुणालाच कल्पना नव्हती.
डॉक्टरीणबाई शब्द जुळवत राहिल्या. हीच म्हणाली, "म्हणजे औषध तिथेही पोचेल ना?"
मी तपासून पाहिले. निष्कर्ष बिनचूक आहे.