काचेच्या पेटीतली हवा

९ नोव्हेंबर १९४५, खालापूर

आज खोपोलीहून बोलावणं. पॉवरहाऊसच्या चाळीत तात्या कारकून राहतात. विलायतेला परत गेलेल्या साहेबानं त्यांना काचेची पेटी दिलीय, आत पाच सोनेरी मासे. तात्यांच्या सुमनचा सगळा जीव त्या पेटीत. सकाळपासून मासे वर येऊन तोंडं उघडतायत म्हणून तिनं निरोप धाडला. तिनं. मला.

पाहून म्हटलं, प्राणवायू कमी पडतोय, हवा सोडावी लागेल. इंटर अर्धवट टाकून आलो खरा, पण प्राणवायूपर्यंत आलो होतो. तात्यांनी मान डोलावली.

१० नोव्हें.

लॉरीची जुनी ट्यूब, दवाखान्यातली रबरी नळी, माझा सायकलचा पंप. ट्यूब फुगवायची, नळी दोऱ्यानं आवळायची, टोक पाण्यात सोडायचं. बुडबुडे निघाले. सु. हसली. तिची आई पदर तोंडाला लावून म्हणते, "आमच्या विहिरीतल्या माशांना कोण हवा मारतं रं?"

म्हटलं काकू, विहीर मोठी, पेटी लहान. ट्यूब सकाळ-संध्याकाळ भरायला लागेल. म्हणजे मला रोज यायला लागेल. हे शेवटचं बोललो नाही.

१३ नोव्हें.

बाबा आमच्या भाताच्या गिरणीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "कॉलेजात जायला पाय दुखत होते, खोपोलीला जाताना नाय दुखत?" हमाल हसले. मी भडकलो नाही, पोती मोजत राहिलो. नवलच.

संध्याकाळी पंप मारता मारता सु.ला सगळं सांगितलं. प्रयोगशाळेत मास्तर टाकून बोलले, मी हातातली काचेची नळी आपटून फोडली आणि तसाच स्टेशनवर. तिला वाटलं होतं आजारी पडून आलो. म्हणाली, मास्तर काय एकच होते का कॉलेजात? मी पंप अजून जोरात मारला. तिच्याशी बोलताना राग येत नाही, ही एक...

१५ नोव्हें., एकादशी

शेजारच्या बायका देवळातून येता येता पेटीत कणकेच्या गोळ्या टाकतात. माशांना खाऊ घातलं की पुण्य. आज तर रीघच. पाणी ताकासारखं झालंय. बुडबुडे चालू, तरी मासे वरच. मी अजून जोरानं हवा भरली.

सु. म्हणाली गोळ्या तळाशी कुजतायत, त्या बंद करू, पाणी बदलू, आणि हवा एक दिवस थांबवून बघू. सगळ्या बायकांपुढं म्हणाली. ते लागलं. "शास्त्र तू शिकलीस का मी?" केवढ्यानं ओरडलो. काकू आतून बाहेर आल्या. सु. ओचा सावरून आत गेली.

घरी येईपर्यंत राग उतरला होता. नेहमीसारखा, उशिरा.

१७ नोव्हें.

माफी मागायची ठरवून गेलो. बघतो तर नळी गुंडाळून खुंटीला. पाणी निवळ, तळाशी ओढ्यातलं हिरवं शेवाळ. बायकांना तिनं सांगितलंय, कणीक गाईला घाला, पुण्य तेवढंच. मासे मधोमध आरामात फिरतायत.

"बघा, कालपासून हवा नाय, तरी बरे हायेत." आनंदानं सांगत होती. मला ते टोमण्यासारखं ऐकू आलं. म्हटलं, मग माझं इथं काय काम?

ती हळूच म्हणाली, "पंप असंल तरच यायचं, असं कुणी सांगितलंय तुमाला?"

मी ट्यूब खांद्यावर टाकली आणि निघालो. माफी राहिली. वाटेत कुंभिवलीपर्यंत मनातल्या मनात एकटाच भांडत आलो.

२० नोव्हें.

भात भरडायच्या खडखडाटात आज अचानक तिचं वाक्य नीट ऐकू आलं. गाढवा. ती बोलावत होती.

आणि हवेचंही तिचंच बरोबर. पाणी वरच्या अंगानं आपली हवा आपण घेतं. मासे दाटीनं भरले, पाणी कुजलं, तर पंप लागेलही. पाच माशांना निवळ पाण्यात कशाला? हे कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

परवा जातो. उद्या बाबा पेणला, गिरणी माझ्यावर.

२२ नोव्हें.

गेलो. सु. नाही. तुळशीचं लग्न लागलं तसं मामानं स्थळ आणलंय. तात्या तिला घेऊन कळंबला गेले, मामाकडं. मुलगा बी. ए. उद्या दुपारी बघायला येणार.

काकूंनी चहा दिला. मी मासे बघत बसलो. मग त्याच म्हणाल्या, इतके दिवस बाहेर सायकल वाजली की सुमी उठून दारात जायची.

"जाताना मला म्हणली, आये, नको म्हणून सांगीन, पण कुणाच्या जोरावर सांगू?"

एवढं बोलून माझ्याकडं बघत राहिल्या. मी चहा संपवला. चहा संपवला फक्त.

२३ नोव्हें., कर्जत

सकाळीच सायकल काढली. स्टेशनाबाहेर चहाच्या दुकानात बसून पेन्सिलीनं लिहितोय. मामाच्या दारात काय म्हणून उभा राहू? कॉलेज सोडलेला, बापाच्या गिरणीवर बसणारा, तिच्यावर चारचौघांत ओरडलेला. आणि आत ते बी. ए. पोहे खात. तिथं डोकं भडकलं तर तिचीच अब्रू जायची. नाही गेलो तर...

ऊन चढलंय. पेंढ्याची गाडी घेऊन एक म्हातारा चहाला थांबला. त्याला विचारलं, कळंब अजून किती लांब. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जायचं आसंल तर जवळ हाय," म्हणाला.

त्याची गाडी वळणापलीकडं गेली. मी अजून बाकावरच.