हाऊ रोग लागत नही

माय, आज सकाळी वेणी घालताना कंगव्यात केसांचा एवढा गुंता आला की तो मुठीत धरून मी चुलीपुढे तशीच बसून राहिले. आबा शेतात निघाले होते. त्यांनी पाहिलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवून गेले. तुझे केस जायला लागले तेव्हाही ते असंच करायचे. तुला आता काही सांगून उपयोग नाही हे मला कळतं. तू असतीस तरी तुला हे वाचता आलं नसतं, आणि वाचून दाखवलं असतं तर ही शाळेतली मराठी ऐकून तू हसली असतीस. तरी लिहिते, कारण ज्यांना सांगावं त्या सगळ्या बायका माझ्याकडेच धीर मागायला येतात.

तुझं कपाशीच्या वेचणीत सुरू झालं. दिवसभर उन्हात वेचून तू घरी आलीस आणि गाल लाल झाले होते, नाकावरून एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत. आधी ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस लावला. मग बोटं आखडायला लागली. पहाटे जात्याचा खुंटा तुझ्या मुठीत बसेना, तेव्हा मी खुंटा धरायची आणि तू माझ्या मनगटावर हात ठेवून जातं फिरवल्यासारखं करायचीस, म्हणजे घरातल्या थोरल्या काकूला वाटावं तूच दळतेस. पण गाल कुठे लपवणार? महारोग, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही. एवढं आठवतं की एक दिवस तुझी थाळी मोरीबाहेर वेगळी ठेवलेली होती आणि कुणी ठेवली हे कुणी सांगेना. तू तीच थाळी घेऊन जेवायला बसलीस. कळण्याची भाकर होती, ठेचा होता. तू सगळं संपवलंस.

आबांनी तुला धुळ्याला नेलं, मला तुझी सोबत म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी तुला डोळे मिटायला आणि कळलं की हात वर करायला सांगितलं, गालाला कापसाचा बोळा लावला, मग टाचणी टोचली. तू दोन्ही वेळा हात वर केलास. महारोग नाही, ते म्हणाले, पण काय आहे ते मुंबईला कळेल. मग नंदुरबारहून गाडी, सुरतेला बदल, आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात भिंतीशी लावलेली तुझी खाट. रक्त तपासून त्यांनी ल्युपस हे नाव सांगितलं. तू लुपस म्हणायचीस. डॉक्टर समोर बसून आबांना समजावतात ते अजून दिसतं मला. हा रोग बाहेरून येत नाही, शरीर स्वतःशीच भांडायला लागतं. कुणाला लागत नाही, पण बराही होत नाही. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या, जोडीला एक नवी गोळी आलीय ती घ्यायची, आणि उन्हात जायचं नाही. आबांनी विचारलं, साहेब, शेतकऱ्याची बाई उन्हात नाही जायची तर कुठे जायची?

तू काळी छत्री घेऊन शेतावर जायला लागलीस. वैशाखात, डोक्यावर ढग नसताना. बांधावरची माणसं हसायची. नव्या गोळीने तुझं तोंड गोल झालं, तर त्याच बायका म्हणायच्या, सुधारली हो. तू हसून हो म्हणायचीस, आणि घरात आल्यावर भिंतीला टेकून बसायचीस तेव्हा तुझ्या गुडघ्यांना हात लावला तर चटका बसायचा.

मग कासार आला. बांगड्या भरता भरता त्याने सांगितलं, धानोऱ्याला एक नवी सून आहे, तिच्या तोंडावर असंच उठलंय. सासूने तिला गोठ्यात ठेवलंय, हातात बांगड्या भरू दिल्या नाहीत. तू अर्ध्याच बांगड्या भरल्यास आणि उठलीस. दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी गाडी जुंपली. तू छत्री घेतलीस आणि मला घेतलंस. मला वाटलं, सोबतीला नेतेय.

त्या गोठ्यात ती म्हशीशेजारी पोत्यावर बसली होती. माझ्याहून थोडीच मोठी असेल. पुढ्यात भाकर होती, जर्मनच्या ताटलीत लांबून सरकवलेली. मला रडू आलं आणि तू माझा दंड असा दाबलास की वळ उठला. ‘‘रडनं व्हई त घर जाईसन रडजो. आठे नही,’’ एवढंच म्हणालीस. मग तिचा हात धरून तिला अंगणात आणलंस. सासू आली, नवरा आला, शेजारी कुडावरून बघायला लागले. तू तिच्या ताटलीतली भाकर मोडून खाल्लीस. दुसरा तुकडा मला दिलास. मी खाल्ला. मग मला पुढे उभं करून तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस,

‘‘हाऊ रोग लागत नही. लागता, त पहिले मन्ही पोरले लागता. देखा तिले.’’

सगळ्यांनी मला पाहिलं. माझे गाल स्वच्छ होते, केस कमरेपर्यंत होते. तेव्हा कळलं की तू मला सोबतीला नव्हे, पुरावा म्हणून आणलं होतंस. तिच्या नवऱ्याला तूच मुंबईला जायला तयार केलंस आणि स्वतः बरोबर गेलीस. तिचं रक्तही तेच बोललं. परत आल्यावर तिला घरात घेतलं. ती तुला मावशी म्हणायची. त्यानंतर तू कुठे कुठे गेलीस! प्रकाशा गावाच्या बाजूला, अक्कलकुव्याच्या बाजारात भेटलेल्या एका बाईच्या पाड्यावर, जिथे तिची बोली तुला कळत नव्हती. तिथे तू काही न बोलता तिच्या गालाला आपला गाल लावलास. त्यातल्या काहींचा रोग निराळाच निघाला. तू त्यांनाही दवाखान्यात नेलंस.

पण एक गोष्ट तू आम्हाला कळू दिली नाहीस. नवी गोळी मिळायची मारामार होती. धानोऱ्याला ती पोहोचेना, तेव्हा तू आपल्यातल्या अर्ध्या तिला द्यायला लागलीस. आबांना बाटली लवकर रिकामी दिसली तेव्हा कळलं. ते पहिल्यांदाच तुझ्यावर ओरडले. तू चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणालीस, ‘‘मन्हं व्हयनं. तिन्हं आते सुरू व्हई ऱ्हायनं.’’ पुढच्या वेचणीपर्यंत तुझे पाय सुजले. जोडवी कापून काढावी लागली. लघवी बंद झाली, डोळ्यांवर सूज चढली, आणि तू मला हाका मारायचीस तेव्हा मी समोरच असायची. कपाशी वेचून संपायच्या आत तू गेलीस. मोठी झाल्यावर मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं, गोळ्या पुऱ्या घेतल्या असत्या तर? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. माय, मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे. आणि कुणाच्या गोळ्या काढून तुला द्यायला हव्या होत्या, हे मात्र मला सांगता येत नाही.

मी गावच्या शाळेत बाई झाले. तू जायचीस तिथे मी जायला लागले, तुझीच वाक्यं बोलायला लागले. धानोऱ्याची ती बरी राहिली. तिला मुलगी झाली, ती चालायला लागली, बोलायला लागली. आणि गेल्या उन्हाळ्यात प्रार्थनेला मैदानावर उभी असताना माझे गाल पेटले. मी आरशात पाहिलं आणि मला तू दिसलीस.

बातमी माझ्याआधी धानोऱ्याला पोहोचली. मी गेले तर ती परत गोठ्यात. या वेळी सासूचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती म्हणाली, ‘‘तुन्ही माय सांगी गयथी, लागत नही. मंग तुले कशा व्हयना?’’

माय, उत्तर माझ्याजवळ होतं. माझं रक्त तपासून डॉक्टर म्हणाले होते, एखाद्या घराण्यात हा रक्तातून उतरू शकतो, नेहमी नाही, का ते कुणाला माहीत नाही. ते सांगितलं असतं तर सून गोठ्यातून सुटली असती. पण तिची मुलगी आजीच्या लुगड्याला धरून तिथेच उभी होती, डोळे मोठे करून ऐकत होती. रक्तातून उतरतो, हे एकदा त्या अंगणात बोललं गेलं की त्या पोरीला जन्मभर कुणी पदरात घेतलं नसतं. आईला सोडवू की मुलीला? तू असतीस तर काय केलं असतंस ते मी मनातल्या मनात विचारत राहिले. शेवटी मी म्हणाले, ‘‘डॉक्टरलेबी माहीत नही, मालेबी नही. पन हात लाया म्हनीसन व्हत नही, इतलं माले माहीत शे.’’ ते कुणाला पटलं नाही. मलाही माझा आवाज पटला नाही.

तिचा नवरा बैलाच्या दाव्याशी बसला होता. वर न बघता तो म्हणाला, ‘‘मी तिन्हा जोडे जेवस, तिन्हा जोडे झोपस. माले कोठे काय व्हयनं?’’ आईपुढे एवढं बोलायला त्याला किती वर्षं लागली असतील! मग सासूने सुनेचं पोतं गोठ्यातून ओसरीत आणलं. ओसरीपर्यंतच. चुलीपर्यंत नाही, आणि मुलीला तिच्याजवळ झोपू देत नाहीत. मी निघाले तेव्हा सून गाडीपर्यंत आली, बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, ‘‘बहीन, तू आते येत जाऊ नको. तुन्हं तोंड देखीसन त्या फिरी घाबरतीन.’’ ती रागावून बोलली नाही. तिचं खरंच होतं. तिला मदत करायचा माझ्यापाशी उरलेला एकच मार्ग म्हणजे तिच्या दारात न जाणं. मी गाडीत बसले आणि तुझं ऐकलं, घरी येईपर्यंत रडले नाही.

आता मी कुठे जात नाही. ज्यांचं सगळं सुटलंय त्या बायका माझ्याकडे येतात, पदर ओढून, मागच्या दाराने. मी त्यांना चहा देते, त्याच कपात स्वतः पिते. गोळी कशी घ्यायची, पाय सुजले तर एक दिवसही थांबायचं नाही, डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते. त्या माझ्याकडे बघतात आणि मला कळतं की त्या माझ्या तोंडावर आपलं पुढचं वाचतायत. रोज सकाळी माझी बोटं उघडत नाहीत, परवा तर फळ्यावर खडू धरता आला नाही. कधी कधी मला वाटतं, दार लावून घ्यावं. कुणी आलंच नाही तर मी फक्त आजारी राहीन, दुसरं काही मला राहावं लागणार नाही.

हा कागद घेऊन मी कुठल्या पेटीत टाकणार? थोड्या वेळाने चुलीत घालीन. पण एक सांगायचं राहिलं. उठायच्या आधी प्रत्येक बाई तेच विचारते, तुझ्या आईलाही हाच होता ना, ती किती जगली? मी म्हणते, म्हातारी होऊन गेली. दात पडले होते, नातवंडं मांडीवर खेळवली तिने. त्यांचा श्वास मोकळा होतो. आणि माय, सांगता सांगता मला ती म्हातारी खरीच दिसायला लागते, ओट्यावर बसलेली, उन्हात, डोकं उघडं टाकून.