मागून कोणी येत नाहीये

शनिवार, संध्याकाळ. लेकपोर्ट.

तळ्यापलीकडे ज्वालामुखीचा डोंगर शांत बसलाय, उद्या तो चढायचाय; मला मात्र चैन नाही. घटस्फोटानंतरची ही पहिली एकटीची ट्रिप. चँडलरच्या घरून पाठीवर सॅक टाकून आले आणि दुपारी मोटेलच्या व्हरांड्यात साफ खोटं बोलले. शेजारच्या खोलीत नाशिकचे एक काका-काकू उतरलेत. काकूंनी विचारलं, "मिस्टर कुठेत?" तोंडातून निघून गेलं, "मागून येताहेत."

का? कोणाची भीती होती? काकूंनी लगेच दोघांपुरती थालीपिठं बांधून दिली. दोघांपुरती. डबा हातात घेऊन काठावर नुसत्या फेऱ्या मारल्या.

शेवटी त्यांचं दार वाजवलं. "काकू, मागून कोणी येत नाहीये. आमचा डिव्होर्स झालाय."

त्यांनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "उद्या डोंगर चढणार आहेस म्हणालीस ना? मला नेशील? ह्यांचे गुडघे दुखतात, आणि हे मला एकटीला सोडत नाहीत."

हो म्हणून बसले. एकटीनं चढायला आले होते ना मी? चिडलेय की सुटल्यासारखं वाटतंय, कळत नाही. आत्ताच भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "उद्या मी वर जाणार आहे." काकांना विचारत नव्हत्या, सांगत होत्या.