प्लास्टिकसकट पट्टा

घणसोली, ४ मार्च १९९६, सोमवार

आज कंपनीत सुरक्षा दिन झाला. झाला म्हणजे फोटो काढून झाला. पोती उचलणाऱ्यांच्या कमरेसाठी हेड ऑफिसने रुंद पट्टे पाठवले होते. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, "स्टोअरकीपर, प्लास्टिक काढू देऊ नका. पुढच्या वर्षी पण लागतील." म्हणून पन्नास किलोची पोती वाहणारी माणसं प्लास्टिकसकट पट्टे बांधून उन्हात उभी, हात पुढे करून शपथ घेतायत! वर साहेबांचं भाषण, वर्षभरात एकही अपघात नाही. खरंच आहे की. कंबर गेली तर रक्त कुठे येतं? आणि रक्त नाही तर रजिस्टरमध्ये लिहिणार काय? असला निर्लज्ज माणूस... पण टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या. मीसुद्धा.

फोटो झाल्यावर पट्टे गोळा करायला मीच फिरलो. दिवाळे गावचा हमाल काशिनाथ इतकी वर्षं पोती वाहून आता वाकला की भिंत धरून उठतो. पट्ट्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, आजच्या दिस राहू दे ना. प्लास्टिकवरनं पन बरा वाटतंय."

साहेबांची किळस येते, असं मी या वहीत रोज लिहितो. लिहायला काय जातंय? आज काशिनाथच्या कमरेचा पट्टा मी माझ्या हाताने सोडला, उजेडात धरला आणि प्लास्टिक कुठे फाटलं नाही ना, ते बघितलं.