ओरडून सांगता येत नाही म्हणून

देवास,
सोमवार, दुपार

प्रिय,

पुढे काय लिहावं इथेच अडले. लग्नाआधी धारहून तुम्हाला पत्र लिहायची तेव्हाही इथेच अडायची. नाव लिहायला हात धजायचा नाही, आणि 'अहो' लिहिलं आणि पत्र आमच्या माईच्या हाती पडलं तर काय, ही भीती. बाबांच्या शिलाईच्या दुकानात, कापडाच्या तुकड्यांच्या ढिगामागे बसून मी अंतर्देशीय पत्र लिहायची, आणि नुसतं 'प्रिय' लिहून स्वल्पविराम द्यायची. आजही तसंच राहू दे.

एकाच घरात राहून ही बाई पत्र काय लिहिते, असं वाटेल तुम्हाला. तुम्ही बाहेर ओट्यावर उन्हात बसला आहात, मी स्वयंपाकघरात, मध्ये एक खोली. पण हल्ली तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. भाजी कुठली करू, गोळी घेतली का, हे ओरडून विचारता येतं. बाकीचं नाही येत. समोरच्या भैयासाहेबांच्या घरात ऐकू जातं, आणि ओरडून बोललं की साधी गोष्टही भांडणासारखी वाटते. कागदाचं बरं आहे. शिवाय आपल्या घरात मराठी घडाघड वाचणारे आपण दोघंच उरलो. अर्पित अक्षर लावत वाचतो, नेहा सून होऊन आली तेव्हापासून 'सीखूँगी, सीखूँगी' म्हणते आहे, आणि आपल्या नातीला, अनन्याला तर 'ळ' दिसला की हसू येतं. तेव्हा हे पत्र मी चहाच्या कपाखाली उघडंच ठेवीन.

भाऊबीजेच्या रात्रीचं जेवण तुम्ही विसरला नाहीत, मला ठाऊक आहे. रुची उज्जैनहून आली होती, सगळे पंगतीला बसलेले, आणि नेहा मोबाइलवर अंदमानचे फोटो दाखवत होती. फेब्रुवारीत सगळ्यांनी मिळून पाच दिवस जायचं ठरत होतं. तिने तुम्हाला विचारलं, "पापाजी, आपके लिए विंडो सीट ले लूँ?" तुम्ही म्हणालात, "इंदौर? इंदौरला माझं काय काम?" अनन्या खो खो हसली. मग अर्पित हसला, रुची हसली, आणि खरं सांगते, मीसुद्धा हसले. तुम्हीही हसलात. कशाला हसतोय हे न कळता हसलात, ते मी पाहिलं. ताटात श्रीखंड तसंच ठेवून हात धुवायला उठलात. सकाळी जाहीर केलंत, "मी येत नाही. समुद्रात बघायचं काय, पाणीच पाणी. तुम्ही जा."

त्या दिवसापासून तुम्ही मोजकंच बोलता. टेकरीवर सकाळी जाणं बंद केलंत. टेकरीवरचे तुमचे सोबती गणोजी भाऊ दोनदा फाटकाशी येऊन "काय भिया, पाय दुखतात का?" म्हणून विचारून गेले. तुम्ही मान हलवलीत. पाय नव्हते दुखत.

अहो, तुमच्या कानांवर मी किती वर्षं संसार केला! कारखान्यात नवीन इंजिनियर आला की तुम्हाला बोलवायचे, 'शालिग्राम, जरा ऐकून सांगा' म्हणून. तुम्ही मशीनला हात न लावता, डोळे मिटून उभे राहायचात आणि बिघाड असेल तिथे बोट दाखवायचात. घरीही तेच. मी आत ब्लाउज शिवत असले की बाहेरून हाक यायची, "इंदू, थांब, सुई तिरकी लागतेय." आणि खरोखरच लागत असायची. अर्पित दोन वर्षांचा असताना आपण धरमपुरीला नर्मदेवर गेलो होतो, आठवतं? मोटरवाली नाव होती. पलीकडे जाताना मधोमध तुम्ही नावाड्याला म्हणालात, "दादा, परत काठाला घे, तुझं इंजिन बंद पडणार." तो म्हणाला, "बाबूजी, दस साल से चल रहा है." तरी त्याने नाव वळवली. काठ दोन हातांवर आला आणि इंजिन बंद पडलं. त्याने तुमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. मी मात्र अर्पितला छातीशी धरून तुमच्याकडे बघत राहिले. तेव्हाच मनाशी म्हटलं, हा माणूस बरोबर असला की मला पाण्याची भीती नाही.

त्याच दिवशी घाटावर भुईमुगाच्या शेंगा खाताना तुम्ही समुद्राचं बोललात. एकदा तुला दाखवीन म्हणालात. अलिबागला तुमचे मावसभाऊ होते, त्यांना पत्रही गेलं. त्या साली मामंजी पडले. पुढच्या साली रुची झाली. नंतर अर्पितची परीक्षा, मग रुचीचं लग्न. कोणी अडवलं नाही, कोणाची चूक नाही; पण आपण दोघं माळव्यातले माळव्यातच राहिलो.

आता माझी करणी ऐका. मागच्या आठवड्यात मी अर्पितला सांगून पोरांची तिकिटं रद्द करायला लावली. "मम्मी, आप दोनों अकेले कैसे?" म्हणून तो घाबरला. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी मला सांभाळून चाळीस वर्षं आणलंय, अंदमानपर्यंतही नेतील. आपण दोघंच जाणार. इंदूरहून चेन्नई, तिथून पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक. तीन रात्री तिथे. खोलीच्या दारातून वाळू दिसते, मी फोटो पाहिला. पाण्यात उतरायची सक्ती नाही. माझ्यासाठी नेहाने दोन कुर्ते आणलेत, आणि तुमच्यासाठी मी सुती अर्धी पँट शिवली आहे. घाबरू नका, गुडघ्याच्या खाली येते. तिथे आपल्याला ओळखणारं कुत्रंही नसेल. मी कितीही ओरडले तरी कोण भैयासाहेब खिडकीत येणार आहेत?

आता ते सांगते, ज्याच्यासाठी सकाळपासून हा कागद धरून बसले आहे. गेल्या महिन्यात मी तुम्हाला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाल्यावर ते माझ्याशी बोलत होते, तुम्ही शेजारच्याच खुर्चीत होता. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हणाले?" मी तुमच्या कानाशी ओरडले, "ठीक आहे म्हणाले, वय झालं." ते खोटं होतं. ते म्हणाले, उजवा कान गेल्यातच जमा आहे, आणि डावाही वर्षभरात तसाच होईल. मशीनच्या आवाजात बत्तीस वर्षं काढल्याने बारीक आवाज आधी गेले, जाड आवाज शेवटी जातील. यंत्र आत्ता लावलं तर डाव्या कानाला उपयोग आहे. उशीर केला तर फारसा राहणार नाही. मग त्यांनी मला विचारलं, "इनको आप बताएँगी या मैं लिखकर दूँ?" मी म्हटलं, मी सांगेन. तुमच्या देखत, तुमच्याबद्दल, आम्ही दोघं एवढं बोललो, आणि तुम्ही आमच्याकडे बघून हसून मान हलवत होता. ती मान हलवणं माझ्याने बघवलं नाही, म्हणून मी खोटं बोलले, आणि तुमचा एक महिना वाया घालवला. तो तुमचा होता, माझा नव्हता. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे, तो या पत्राबरोबर ठेवते. शनिवारी इंदूरला चला, यंत्र बसवून घेऊ. मग विमानात बसू. समुद्राचा आवाज जाड असतो म्हणतात. तो तुम्ही अजून ऐकू शकाल, आणि काय काय ऐकू आलं ते मला सांगाल. माझ्यावर रागवा, मी रागवण्यासारखंच केलंय. पण मान फिरवून गप्प बसू नका. ओट्यावरून उठा, आत या, आणि तोंडाने रागवा, पूर्वीसारखं, मोठ्याने. मला अजून सगळं ऐकू येतं.

तुमचीच,
इंदू