जप्त खुर्ची, तिच्यावरील वडील व आवारातील झाडे यांना आहे तेथेच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
वाहनतळ व जप्त वाहने विभाग,
शहर प्रशासन इमारत, तळमजला
(झाडांकडे खिडकी असलेली खोली)

विषय : जप्त खुर्चीसह वडील परत मिळावेत हा अर्ज मागे घेणे, तसेच जप्त वाहनांच्या आवारातील झाडे न तोडणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज, जो केला नसता तर बरे झाले असते असे अर्जदारास आता वाटते.
२) त्यावरील आपले उत्तर, जे अनपेक्षितपणे वेळेत आले.

महोदय,

सावली ही मनुष्यजातीची आद्य मालमत्ता असून आजवर कोणत्याही राजवटीस तिच्यावर हक्क सांगता आलेला नाही. अपवाद आपल्या कार्यालयासमोरील चार झाडांच्या सावलीचा. तिच्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर पिवळे पट्टे मारण्यात आले व 'फक्त वाहनांसाठी' असा फलक लावण्यात आला. पुढील सर्व प्रकार या फलकापासून सुरू होतो.

१. अर्जदार एका विमा कंपनीत नोकरीस असून लोकांचे दावे कोणत्या कलमाखाली नाकारता येतील हे शोधून काढणे त्याचे काम आहे. त्याचे वडील निवृत्त बसचालक आहेत. कुटुंब आपल्या कार्यालयामागील वसाहतीत सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली राहते. रस्ता रुंद करण्यासाठी वसाहतीतील झाडे काढण्यात आली आणि रस्ता खरोखरच रुंद झाला. दुपारी त्यावर चिटपाखरू नसते, त्यामुळे तो आहे त्याहून रुंद दिसतो. झाडे होती तोवर गच्चीही अर्धी झाकलेली असे. आता ती दिवसभर ऊन पिते आणि रात्री, आम्ही अंथरुणे घातली की, ते घरात सोडते. पंखा लावल्यास तीच हवा अधिक वेगाने मिळते. मागच्या उन्हाळ्यात वडील जेवता जेवता ताटावरच कलंडले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना शुद्धीवर आणले आणि अर्जदारास जिन्यात गाठून सांगितले, "यांना दुपारचं त्या खोलीत ठेवू नका. पुढच्या वेळी मी काही करू शकेन असं धरून चालू नका."

२. म्हणून वडील जेवण झाले की आपल्या कार्यालयासमोरील झाडांखाली येऊन बसू लागले. वर्तमानपत्र, पाण्याची बाटली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक चालकाबद्दलचे वाईट मत, एवढेच त्यांचे सामान. संध्याकाळी घरी येत ते भूक लागलेले व भांडणास तयार, म्हणजे पूर्ण निरोगी. मग पट्टे आले. आपल्या पहारेकऱ्याने त्यांना उठवले. तो म्हणाला, "आजोबा, ही जागा गाड्यांची आहे." वडिलांनी विचारले, "आणि माणसांची कुठली?" पहारेकरी भला माणूस आहे, त्याने थोडा विचार केला आणि सांगितले, "तसा बोर्ड अजून आला नाही."

त्या दिवशी वडील समोरच्या उघड्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि झाडांखाली उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघत राहिले. गाड्यांना चक्कर येत नाही, हे अर्जदार व्यावसायिक अनुभवावरून खात्रीने सांगू शकतो.

३. अर्जदाराने फलकाखालचा बारीक मजकूर वाचला. तेथे वाहनाची व्याख्या 'चाके असलेले व एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येणारे कोणतेही साधन' अशी दिली आहे. अर्जदाराने आयुष्यभर अशा वाक्यांवर पोट भरले आहे. त्याने कंपनीच्या भंगारातून पाच चाकांची फिरती खुर्ची मिळवली व दुसऱ्या दिवशी वडिलांना तिच्यावर बसवून पिवळ्या पट्ट्यांच्या आत ढकलत नेले. पहारेकऱ्याने खुर्चीभोवती फेरी मारली, पायाने एक चाक हलवून पाहिले, "चालतंय," म्हणाला आणि पावती फाडली. पावतीवर वाहनाचा प्रकार 'खुर्ची', रंग 'काळा', आसनक्षमता 'एक' अशी नोंद आहे. वडील समाधानाने म्हणाले, "इतकी वर्षं बस चालवली, पण एवढी सोयीची पार्किंग कधी मिळाली नाही."

४. येथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. अडचण सूर्याने केली. सकाळी आखलेली सावली दुपारी जागेवर राहत नाही, ती सरकते. पिवळे पट्टे सरकत नाहीत. पट्टे मारणाऱ्यांनी ते सकाळी कामावर आल्या आल्या मारले असावेत असा अर्जदाराचा अंदाज आहे. चारच्या सुमारास सावली पट्ट्याबाहेर, 'वाहने उभी करू नयेत' या फलकाच्या हद्दीत जाते. गाड्या उन्हात राहतात, कारण त्यांना समजत नाही. वडील सावलीबरोबर वीतभर, मग हातभर सरकत गेले. पाचांपैकी दोन चाके पट्ट्याबाहेर असताना आपल्या विभागाचा ट्रक आला.

ट्रकवरील कर्मचाऱ्यांनी त्यांना उतरण्याची विनंती केली, हे नमूद करणे न्याय्य होईल. वडील म्हणाले, "चालक गाडी सोडून उतरत नसतो. ट्रेनिंगमध्ये काय शिकवलं तुम्हाला?" तेव्हा त्यांना खुर्चीसह वर चढवण्यात आले. प्रत्यक्षदर्शींच्या मते चौकात ट्रक वळताना त्यांनी हात बाहेर काढून वळण्याची खूण केली, जी ट्रकचालकाने केली नव्हती. जप्तीच्या पावतीवर 'वाहन एक, चालकासह' असे लिहिले आहे.

५. अर्जदार संध्याकाळी घरी पोहोचला तेव्हा आई दारातच उभी होती. "बाप पार्क करून आलास?" एवढेच तिने विचारले. मग जेवण वाढेपर्यंत ती भांड्यांशी बोलत राहिली. तिचे म्हणणे असे, की दुसऱ्यांचे दावे फेटाळून ज्याला पगार मिळतो, त्याला स्वतःच्या बापाचा एक दावा मार्गी लावता येत नाही, मग शिकून काय उजेड पाडला. माझा माणूस घरी आण, नाहीतर तूही येऊ नकोस, हा तिचा शेवटचा शब्द होता. त्याच मनःस्थितीत अर्जदाराने संदर्भ क्र. १ चा अर्ज लिहिला. त्याची भाषा काहीशी कडक होती. त्यातील 'अपहरण' हा शब्द तो मागे घेत आहे.

६. दुसऱ्या दिवशी अर्जदार शहराबाहेरील जप्त वाहनांच्या आवारात गेला. तेथील कारकुनाने खुर्चीची नोंदणी, विमा व धुराचे प्रमाणपत्र मागितले. विमा काढून देणे अर्जदारास शक्य होते, धुराचे जमले नसते. "मग निदान वडिलांना तरी सोडा," असे म्हटल्यावर कारकून खिन्नपणे म्हणाला, "त्यांना कोणी धरलंय? गेट दिवसभर उघडंच असतं. मीच तीनदा सांगून आलो. मला म्हणाले, गाडी कस्टडीत असताना डेपो सोडता येत नाही."

आवाराची थोडी माहिती देणे येथे आवश्यक आहे, कारण आपण ते पाहिले नसावे. जागेचा वाद कोर्टात असल्याने तेथे कित्येक वर्षांत कोणी काहीही केलेले नाही. त्यामुळे तेथे झाडे आहेत. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांची झाडे जीपच्या बॉनेटमधून, रुग्णवाहिकेच्या मागच्या दारातून, एका टँकरला मिठी मारून वर गेली आहेत आणि वरती एकमेकांत गुंतून त्यांचे एकसंध छत झाले आहे. गेटबाहेर डांबर चपलेला चिकटत होते. गेटच्या आत दहा पावलांवर अर्जदाराचा सदरा पाठीपासून सुटला. झाडे मुळांनी पाणी ओढून पानांतून हवेत सोडतात आणि भोवतालची उष्णता त्या कामी खर्च होते, असे अर्जदाराने शाळेत दोन गुणांसाठी पाठ केले होते. ते खरे असेल अशी त्यास कल्पना नव्हती. खात्रीसाठी त्याने रस्त्यावरील एका गाडीच्या टपावर हात ठेवला व लगेच काढला. आतल्या गाडीच्या टपावर हात ठेवता आला नाही, कारण तेथे मांजर झोपले होते.

वडील एका जुन्या बसच्या मागच्या बाकावर आडवे झाले होते. खुर्ची बाहेर, झाडाखाली, नियमानुसार सरळ रेषेत उभी होती. त्यांनी डोळे किलकिले करून विचारले, "डबा आणलास का?" घरी चला म्हटल्यावर म्हणाले, "घर? त्या इस्त्रीत?" आणि कूस बदलली. रात्रीही ते तेथेच राहिले. सकाळी कारकुनाने फोन करून त्यांच्या घोरण्याची तक्रार केली. घरी त्या महिन्यात त्यांना घोरण्याइतकी झोप लागलीच नव्हती.

७. तेव्हापासून अर्जदार रोज डबा पोहोचवतो. आईने पहिल्या आठवड्यात जाहीर केले, "डबा मिळतोय म्हणून येत नाहीयेत. उद्यापासून बंद." दुसऱ्या दिवशी डब्याला एक मजला वाढला होता. अर्जदारही डबा दिल्यावर लगेच निघत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गाड्या सोडवायला आलेले इतर लोकही निघत नाहीत. कागद पूर्ण असूनही एक गृहस्थ रोज येऊन स्वतःच्याच जप्त गाडीत दुपारची झोप घेतात. कारकुनाने विचारले तर म्हणतात, "अजून मन तयार नाही."

८. अशा स्थितीत आपले उत्तर आले. त्यात म्हटले आहे, की अर्जदाराच्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन आवाराची तातडीने पाहणी करण्यात आली. खुर्चीस ब्रेक नसल्याने ती रस्त्यावर सोडता येत नाही. पाहणीत आवारात 'अनधिकृत वृक्षसदृश वाढ' आढळली. सबब, सर्वांत शेवटी दाखल झालेल्या वाहनाची तीन महिन्यांची मुदत संपताच सर्व वाहनांचा लिलाव होईल, वाढ मुळासकट काढली जाईल, जमिनीवर काँक्रीट घालून वर पत्रे टाकण्यात येतील, जेणेकरून 'वाहनांना सावली मिळेल'.

हे उत्तर अर्जदाराने घरी मोठ्याने वाचले. आईने ते दोनदा वाचायला लावले. "शेवटी दाखल झालेलं वाहन म्हणजे तुझे बाबाच ना?" तिने विचारले. होय म्हटल्यावर तिने पत्राची घडी घालून ती डब्याखाली ठेवली. ती भांडत नाही तेव्हा कोणाचे तरी काही खरे नसते. वडिलांना मात्र अर्जदाराने पूर्ण पत्र वाचून दाखवलेले नाही. मुदत ऐन उन्हात संपते आणि त्यानंतर त्यांना परत आणायला त्या गच्चीखालच्या खोलीशिवाय जागा नाही. डॉक्टरीणबाईंनी जिन्यात सांगितलेले अर्जदाराच्या लक्षात आहे.

९. आपल्या विभागास झाडे तोडण्यात अडचण यावी यासाठी अर्जदार व्यवसायातील अनुभव पणाला लावीत आहे. ही झाडे जप्त वाहनांतून उगवली आहेत. जीपचे इंजिन आज त्या झाडाच्या बुंध्याच्या आत आहे. टँकर केवळ झाडाने धरून ठेवला म्हणून उभा आहे. झाड काढल्यास वाहन उरत नाही, सबब झाड हा वाहनाचाच सुटा न करता येणारा भाग आहे, आणि कोर्टात वाद चालू असताना मुद्देमालात फेरफार करता येत नाही. हा युक्तिवाद कच्चा वाटल्यास असे समजावे की याहून कच्च्या युक्तिवादावर अर्जदाराने विधवांचे दावे नाकारले आहेत आणि ते टिकले आहेत. पत्र्यांबद्दल म्हणाल तर पत्र्याची सावली पडते, पण तिच्याखाली काय शिजते हे आपण एकदा दुपारी उभे राहून पाहावे. वडील सोबत येतील. खुर्ची आपण वापरावी.

तरी अर्जदार आपला आधीचा अर्ज मागे घेत आहे. वडील, खुर्ची व झाडे यांपैकी काहीही त्यास परत नको आहे. ती सर्व आपल्या ताब्यातच सुखरूप असावीत. शक्य झाल्यास वसाहतीच्या रुंद रस्त्याच्या कडेलाही थोडी 'अनधिकृत वाढ' होऊ द्यावी. त्यासाठी विभागास काहीही करावे लागणार नाही, आणि ते काम विभाग उत्तम करतो, हे आवार पाहून सिद्ध झाले आहे.

आपला, अद्याप नम्र,

(सही)
अर्जदार
(चाके नसलेला)

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
खुर्चीच्या पार्किंगची पावती.
जप्तीची पावती, चालकासह.
टपावरील मांजराचे छायाचित्र.

ता. क. हा अर्ज घेऊन अर्जदार आज आवक खिडकीकडे येत असता झाडांपलीकडे, 'वाहने उभी करू नयेत' या फलकाखाली त्यास गर्दी दिसली. अर्जदाराची आई गॅसचा सिलिंडर ठेवायच्या चाकांच्या ट्रॉलीवर, मांडीवर डबा घेऊन बसली होती. "तू लिहीत बस," ती म्हणाली. "तीन महिने आजपासून नव्याने मोजायला सांग त्यांना." तेवढ्यात आपला ट्रक आला. पावतीवर 'वाहन एक, चालकासह' अशी नोंद झाली आहे. सिलिंडर घरीच आहे.